उभ्या गाडीचं गरम चाक

१

बाईंनी आयुष्यभर बसच्या डेपोत चाकं तपासली आणि सरांनी आयुष्यभर तांत्रिक शाळेत मुलांना रेघा मारायला शिकवलं. त्यामुळे निवृत्तीनंतर दोघांनी मिळून गाडी बांधायचं ठरवलं, तेव्हा कामाच्या वाटणीवरून भांडायची वेळ आली नाही. गाडीच्या तळापासून वरचं सगळं सरांचं, खालचं सगळं बाईंचं.

गाडी म्हणजे मोटारीमागे जोडायची एक छोटी झोपायची खोली. बाजूने पाहिलं तर पाण्याच्या थेंबासारखी, पुढे गोल आणि मागे निमुळती. आत दोन माणसांची गादी, एका अंगाला दार, दाराला एवढीशी खिडकी. मागचं झाकण वर उचललं की शेगडी आणि चार भांडी. लेकीने फोनवर चित्र पाहून विचारलं, "बाबा, हे घर आहे की अंडं?" सरांनी त्या दिवसापासून गाडीचं नावच 'थेंब' ठेवलं.

पहिला महिनाभर बैठकीच्या खोलीत चालायला जागा नव्हती. सर जमिनीवर मोठाले कागद अंथरून, खिळ्याला दोरी बांधून पाठीची गोलाई काढायचे, पुसायचे, परत काढायचे. बाई कागदांवरून उड्या मारत चहा आणायच्या. "अहो, यात झोपायचंय की हिची पूजा करायचीय?"

"गोलाई चुकली की पाणी आत," सर मान वर न करता म्हणायचे.

पण गाडीचं निमित्त वेगळंच होतं. निवृत्त झाल्यापासून सरांची झोप उडाली होती. डोळा लागायचा आणि लगेच कुणीतरी हाक मारल्यासारखे ते उठून बसायचे. गोळ्या झाल्या, पाय चोळून झाले, कोमट दूध झालं. चेहरा उतरला, हाताला कंप सुटला, आणि ज्या माणसाची रेघ कधी हलली नाही त्याला कपातला चहा सांभाळता येईना. डॉक्टर म्हणाले, जागा बदलून बघा. सर घरी येताना वाटेत थांबून प्लायवुडचा भाव विचारून आले.

२

सांगाडा शेजारच्या वेल्डरने जोडून दिला. एक्सल नवा, चाकं नवी, बेअरिंगं डबीतून बाईंनी स्वतः काढलेली. जुनं काहीही नको, हा बाईंचा हट्ट. त्यांनी तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबत दाबत फिरवली. ग्रीस पलीकडच्या बाजूने रोळांच्या फटींतून वर येईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मग चाकाच्या मध्यावरचा हब बसवला, नट आवळला, जरासा सैल केला, पिन घातली, पिनेची टोकं दुमडली आणि वर टोपी ठोकली. सर बाजूला उभं राहून कौतुकाने बघत होते. "कणीक तिंबल्यासारखं करतेस."

"कणीक चुकली तर पोळी वातड होते. हे चुकलं तर चाक आपल्या पुढे निघून जातं."

पहिली फेरी गावाबाहेरच्या तलावापर्यंत केली. वाटेत थांबून बाईंनी दोन्ही हबांवर हात ठेवला. डेपोतली सवयच ती. गाडी थांबली की हात हबवर. कोमट लागला तर सगळं ठीक, चटका बसला तर आत काहीतरी रडतंय. दोन्ही कोमट होते. बाई खूश झाल्या.

आणि सर तलावाकाठी त्या थेंबात आडवे झाले ते सूर्य कलेपर्यंत उठले नाहीत. घोरण्याचा आवाज ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर थेंब गॅरेजमध्ये गेला आणि सरांची दुपारची झोपही गॅरेजमध्ये गेली. जेवण झालं की उशी बगलेत मारून निघायचे. दार ओढून घ्यायचे, की चहाच्या वेळेपर्यंत गुडूप. हाताचा कंप गेला. गालावर रंग आला. बाईंना आणखी काय हवं होतं?

एका दुपारी त्या चहाला हाक मारायला गॅरेजमध्ये गेल्या आणि सवयीने त्यांचा हात डाव्या हबवर गेला.

हब कोमट होता.

३

बाई घाबरल्या नाहीत. लोखंड गरम व्हायला कारण लागतं आणि कारण असलं की ते सापडतं, असं त्यांचं साधं गणित. ऊन असेल. पण गॅरेजचं दार बंद होतं आणि हबशेजारची भिंत थंडगार होती. आत माणूस झोपलाय, त्याच्या अंगाची ऊब असेल. मग ती प्लायवुड, कापूस आणि पत्रा ओलांडून नेमकी हबमध्येच कशी उतरेल? मोटारीचं इंजिन बाजूला असेल. मोटार तर दाराबाहेर झाडाखाली उभी होती.

दुसऱ्या दिवशी सर झोपण्याआधी त्यांनी हात लावून पाहिला. गार. झोपून उठल्यावर लावला. कोमट. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग त्यांनी टायरवर खडूने खूण केली आणि तिच्यासमोर जमिनीवर एक रेघ मारली. खूण रेघेसमोरच राहिली, हब मात्र तापला. त्यांनी गाडी जॅकवर उचलून ठोकळ्यांवर ठेवली, चाकं अधांतरी. हब तापला. शेवटी चाकंच काढून भिंतीला टेकवली. आता काय तापेल? उघड्या हबवर हात ठेवला आणि बाईंनी तो पटकन मागे घेतला. आज कोमटापेक्षा जरा जास्तच होता. दूरची मजल मारून आलेल्या बसचा असतो तसा.

सर डोळे चोळत बाहेर आले. "काय गं, चाकं का काढलीस?"

"सहज. तपासत होते."

"तुझं डेपोतलं काही सुटत नाही," ते हसले आणि आळस देत घरात गेले. बाई त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिल्या. सदऱ्याला चुण्या पडल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. त्यांनी गाडीच्या आत डोकं घालून पाहिलं. गादी, उशी, पडदा. सगळं जागच्या जागी. फक्त आतली हवा निराळी वाटली, खिडक्या उघड्या ठेवून लांबवर जाऊन आल्यासारखी ताजी.

४

त्यांनी बेअरिंग उघडलं.

स्वतःच्या हाताने भरलेलं मधाच्या रंगाचं ग्रीस काजळासारखं काळं झालं होतं. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, कोरडं करून त्यांनी उजेडात धरलं. रोळांची चकाकी गेली होती, कडांना झीज. बाईंनी अशी बेअरिंगं हजारदा पाहिली होती. डोंगर चढून-उतरून, वर्ष-दोन वर्षं पळून आलेल्या गाड्यांची. हा थेंब तलावापर्यंत जाऊन आला होता. फक्त तलावापर्यंत.

वेल्डरला बोलावलं. त्याने बेअरिंग बोटांत फिरवून पाहिलं.

"वहिनी, तुम्हाला दुकानदाराने जुना माल चिकटवला."

"डबी मी फोडली. सील मी तोडलं."

"मग हे पळालंय."

"कुठे?"

वेल्डरने बेअरिंग त्यांच्या हातात परत दिलं आणि हात पँटला पुसले. "ते मला नका विचारू. मी सांगाडा जोडला, तो पक्का आहे. बाकी तुमचं तुम्ही बघा." नंतर तो अंगणात भेटायचा, गप्पा मारायचा, पण गॅरेजचा उंबरा त्याने पुन्हा ओलांडला नाही.

बाईंनी नवी बेअरिंगं आणून बसवली. ती बसवताना एक विचार मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. बेअरिंग झिजतं तसं एक दिवस ते अडकतंही. रस्त्यात कुठेतरी. मग आत झोपलेला माणूस कुठे राहील?

५

"अहो, त्या थेंबात तुम्हाला नेमकं कसं वाटतं?" त्यांनी जेवताना विचारलं.

सर विचारात पडले. "लहानपणी वडिलांच्या मोटारीत मागच्या सीटवर झोपायचो ना, तसं. गाडी चाललीय, पुढे कुणीतरी चालवतंय. आपल्याला कसली काळजी नाही."

"कोण चालवतं?"

"अगं, स्वप्नातलं कुणाला माहीत! तो पुढे असतो. आपण मागे."

"बाहेर बघितलंत कधी?"

"झोपायला जातो मी, बाहेर बघायला नाही."

बाईंनी त्या दिवशी थेंबाला कुलूप घातलं. कुलपाची सबब त्यांनी बरी शोधली होती. आत रंगाचा वास कोंडलाय, चार दिवस उघडायचा नाही. सरांनी कुरकुर केली नाही. पण पलंगावरची झोप काही परत आली नाही. ते भिंतीला टेकून बसायचे आणि बाईंची झोप मोडू नये म्हणून हलायचीही चोरी. डोळ्यांखाली काळं आलं. कप पुन्हा बशीत वाजू लागला. एका सकाळी जिना उतरताना त्यांचा तोल गेला, आणि बाईंनी दंड धरला नसता तर होत्याचं नव्हतं झालं असतं.

बाईंनी किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. "वास गेला असेल आता."

त्या दुपारपासून त्यांनी नेम केला. दर आठवड्याला दोन्ही चाकं खोलायची, धुवायची, भरायची, आवळायची. नवरा कुठे जातो ते कळत नव्हतं. ज्यावर बसून जातो ते तरी धड असावं.

६

डेपोत आतला आवाज ऐकायची एक युक्ती होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. लोखंड सगळं सांगतं.

सर झोपल्यावर बाई गॅरेजमध्ये पाटावर बसल्या आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग सरांचा श्वास लांबला आणि त्यासरशी कानात एक घूंऽऽ उमटलं. बारीक आणि गोल, चांगल्या बेअरिंगचा आवाज. चाक डोळ्यांसमोर स्थिर होतं. टायरवरच्या खडूच्या खुणेवर एक मुंगी चालली होती. आणि कानात गाडी पळत होती.

भीती वाटायला हवी होती. बाईंना वाटली ती उत्सुकता, आणि तिचीच थोडी लाज वाटली. आवाज जड झाला, म्हणजे चढ. मोकळा झाला, म्हणजे उतार. वळणावर एका बाजूला भार आला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. रस्ता चांगला होता. चालवणाराही चांगला होता, कुठे झटका नाही, घाई नाही. मग आवाज उतरत उतरत थांबला.

कुणीतरी दाराशी उभं राहावं तशी शांतता पसरली.

आणि मग, टक. टक. टक.

बाईंना तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. हबची टोपी काढताना कडेने गोल फिरत ठोकतात, तो. त्यांनी डोळे उघडले. टोपी समोर होती, जागची हललेली नव्हती. तिच्यावर ठोकणारं कुणी नव्हतं. पण लोखंडातून पुढचं सगळं ऐकू येत होतं. पिन ओढल्याची किरकिर, नट फिरल्याचा आवाज, बराच वेळ काहीतरी दाबत राहिल्यासारखं ओलसर, आणि परत नट. आवळला. जरासा सैल केला.

आत सर कुशीवर वळले. "चहा झाला का गं?"

चहा देऊन बाई परत आल्या आणि त्यांनी टोपी काढली. आत त्यांचं मधाच्या रंगाचं ग्रीस नव्हतं. निळसर, घट्ट, आणि वासाला ओल्या दगडासारखं काहीतरी होतं. ते इतकं नीट भरलं होतं की त्यांनी स्वतः तसंच भरलं असतं. पिनेची टोकं मात्र उलट्या अंगाला दुमडलेली होती. ती सरळ दुमडलेलीही नव्हती. दोन-तीनदा वाकवून, सुटून, पुन्हा वाकवल्यासारखी ती चुरगळली होती.

७

"आज मी पण येते," दुसऱ्या दुपारी बाई म्हणाल्या.

"ये की! तुझ्यासाठीच तर दोघांची केली," सर म्हणाले आणि भिंतीकडे सरकले. दार लागलं. छताची गोलाई नाकासमोर आली. इतक्या मेहनतीने काढलेली ती रेघ आतून किती मायाळू होती, ते बाईंना पहिल्यांदाच कळलं. सर बोलता बोलता झोपले.

घूंऽऽ आता कानात नव्हतं, पाठीत होतं. गादी किंचित डुलत होती. बाईंनी झोप येऊ नये म्हणून अंगठ्याचं नख तर्जनीत रुतवलं. पडद्यावर उजेड होता, गॅरेजच्या दिव्याहून पुष्कळ जास्त, आणि तो सरकत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी पडद्याचा कोपरा दोन बोटांनी उचलला.

बाहेर दिवस होता. उघडी, सपाट जमीन, आणि तिच्यावर लांब वळण घेत गेलेला रस्ता. वळणामुळे पुढचं दिसलं. मोटार नव्हती. त्यांच्या पुढे एक थेंब होता. त्याच्या पुढे दुसरा, आणि त्याच्याही पुढे एक. पडदे ओढलेले, पाठी गोल, एकामागे एक वळण चढत गेलेले, पार जिथे डोळा पोचत नव्हता तिथपर्यंत. सगळ्यात पुढे कोण होतं, ते काही दिसलं नाही.

वेग उतरला. रांग थांबली. पुढून आवाज येऊ लागला. टक, टक, टक. मग थोडं थांबून, जरा जवळून. आणखी जवळून. बाईंनी पडदा सोडला नाही. सोडायला हवा होता, हे त्यांना पक्कं कळत होतं.

एक म्हातारी आली. फार म्हातारी. तेलकट अंगरखा, हातात डबा. ती खिडकीखाली, चाकाशी उकिडवी बसली, त्यामुळे पाठ आणि कोपरं तेवढी दिसत होती. तिने डाव्या हाताने काम केलं, सवयीच्या हाताने, पण हात थरथरत होता. पिन दुमडताना निसटली. पुन्हा निसटली. बाईंचीच बोटं आवळली गेली.

"हे आधी कोणी भरलंय?" म्हातारीने मान न वळवता विचारलं. आवाज अगदी साधा, डेपोत पलीकडच्या खड्ड्यातून यावा तसा.

बाईंनी सरांकडे पाहिलं. ते तोंड उघडं टाकून झोपले होते.

"मी," त्या काचेशी पुटपुटल्या.

"हात चांगला आहे." पिन एकदाची बसली. "माझ्यात आता राहिलं नाही. पुढची दोन अडकली परवा. सोडून द्यावी लागली."

"आत माणसं होती?"

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठू लागली.

"उतरतेस?"

दाराची कडी बाईंच्या हाताशीच होती. त्यांचा हात तिच्यावर गेलाही होता, कधी गेला ते त्यांना आठवेना.

"माझा माणूस झोपलाय आत," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांचा झोपलेलाच असतो," म्हातारी म्हणाली आणि तिने हनुवटीने पुढे, त्या न संपणाऱ्या रांगेकडे दाखवलं. "माझाही."

ती मागच्या थेंबाकडे गेली. टक, टक, टक. मग गादी हलली आणि रस्ता सुरू झाला.

८

त्या संध्याकाळी बाईंनी सरांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. ते समोर बसून पेन्सिलीला टोक करत होते. हात स्थिर होता, सालपट न तुटता लांबच लांब उतरत होतं. एवढं बघून त्या भांडी घासायला उठल्या.

सकाळी त्यांनी दोन्ही चाकं खोलली. निळं ग्रीस कोरून एका वाटीत काढलं, वास घेतला, बोटांत चोळून पाहिलं. आपल्याकडच्यापेक्षा चांगलं होतं. उष्णतेला जास्त टिकेल, त्यांना वाटलं. त्यांनी तेच परत भरलं. मग बराच वेळ त्या गॅरेजच्या दारात उभ्या राहून रिकाम्या गल्लीकडे बघत होत्या. वेल्डरने पलीकडून हात हलवला, तोही त्यांना दिसला नाही.

दुपारी सर उशी घेऊन आले, तेव्हा बाई आधीच थेंबात बसल्या होत्या. अंगात डेपोतला जुना निळा डगला, केस घट्ट बांधलेले. सरांना तो डगला बघून हसू आलं. पण गादीवर नजर गेली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, पांढऱ्या चादरीवर बूट घालून काय बसलीस? काढ ते."

बाईंनी सरकून त्यांना भिंतीकडची जागा दिली, त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि ते कडेने नीट खोचलं. स्वतः दाराच्या बाजूला आडव्या झाल्या.

"असू देत," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपा."